पिंडापुरता मध

गिरगाव, मुंबई ४
ता. २ मार्च १९५६

चि. उर्मिला हिस अप्पांचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. रेवदंड्यास सर्वांची प्रकृती चांगली आहे, तुलाही आता दोन घास जातात, हे वाचून बेबीआत्याला व मला बरे वाटले. बेबी म्हणते, "तिला लिही, ओकारी आली की आल्याचा तुकडा दाढेत धर म्हणावं, आणि उगाच जिने चढू नकोस." तिचे गुडघे तसेच आहेत. बोलणेही तसेच आहे.

मायन्यात तुझ्या नावाआधी काय लिहावे याचा मी बराच वेळ विचार केला. पूर्वीचे आता लिहिता येत नाही, आणि त्याऐवजी जे लिहितात ते माझ्या हातून लिहवत नाही. म्हणून नुसते चिरंजीव लिहिले आहे. समजून घे.

मी कचेरीत जाऊ लागलो आहे. साहेब घरी भेटून गेले. आपल्या नातवाच्या पापणीची सूज दोन दिवसांतच उतरली होती, असे त्यांनी आपणहून सांगितले. मी बरे म्हटले. वाडीतल्या मंडळींनी गुरुदत्तचा फोटो मोठा करून फाटकावर लावला आहे. खाली 'हुतात्मा' असे लिहिले आहे. रोज कुणी ना कुणी हार घालते. कचेरीची वाट त्याच फाटकातून असल्यामुळे मला दोन वेळा त्याखालून जावे लागते.

तू मधमाशांविषयी विचारले आहेस. काळजी करू नये. चारही पेट्या बकुळीखाली होत्या तशाच आहेत. मुंग्या चढू नयेत म्हणून पेट्यांच्या पायांखालच्या वाट्यांत मी रोज सकाळी पाणी घालतो. गुरुदत्तची वही सापडली आहे. तीत सर्व नीट लिहिलेले आहे, त्यामुळे अडचण पडत नाही.

जपून राहा. तुझ्या वडिलांना व आईला नमस्कार.

अप्पा


गिरगाव, मुंबई ४
ता. ९ ऑगस्ट १९५६

चि. उर्मिला हिस व चि. मृणालिनी हिस अप्पांचे अनेक आशीर्वाद.

बारसे पार पडल्याचे पत्र आले. मुलीला गुरुदत्तच्या आईचे नाव ठेवशील असे मला वाटले नव्हते. या घरात ते नाव चौदा वर्षांत कुणी मोठ्याने घेतलेले नाही. बेबीने पत्र माझ्या हातातून घेतले, वाचले, आणि स्वयंपाकघरात गेली. मग बराच वेळ भांडी घासण्याचा आवाज येत होता. भांडी घासायला बाई आहे.

तुझ्या भावाबरोबर पाठवलेली मधाची बाटली वेळेवर पोचली, व "ह्यांच्या माशांचा मध" म्हणून तो तू बाळाच्या जिभेला लावलास, हे कळले. तू लिहितेस की मध या वेळी फार काळपट आहे, चव जांभळाची आहे, आपल्या माशांचा मध असा कधी नव्हता, त्यांना कुठे नवी फुले मिळाली का. तुझे बरोबर आहे. माशा यंदा मलबार हिलच्या बाजूला जात असाव्यात. तिकडे बागांतून काय काय लावलेले असते.

पावसात माशांना साखरेचे पाणी देता का, असे विचारले आहेस. वहीत सांगितल्याप्रमाणे एक भाग साखर व एक भाग पाणी उकळून, गार करून, बशीत काड्या टाकून ठेवायचे, म्हणजे माशा बुडत नाहीत. पेटीवर डांबरी कागद घालायचा. सर्व वहीत आहे.

या वर्षी शेवग्याला शेंगा धरल्या नाहीत. फूल पुष्कळ आले होते. बेबी म्हणते झाड म्हातारे झाले. असेल.

मृणालिनीचे डोळे कसे आहेत ते तू लिहिले नाहीस.

अप्पा


गिरगाव, मुंबई ४
ता. १२ नोव्हेंबर १९५६

चि. उर्मिला हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. वर्षश्राद्धासाठी जानेवारीत मुलीला घेऊन येण्याचा तुझा विचार समजला. पिंडाला त्याच्याच माशांचा मध पाहिजे, आणि जाताना दोन पेट्या रेवदंड्यास न्यायच्या, म्हणजे मृणालिनी मोठी होईल तेव्हा वडिलांच्या माशा तिच्या अंगणात असतील, हेही समजले.

येण्याविषयी माझे मत असे की घाई करू नये. तेव्हा मूल जेमतेम पाच महिन्यांचे असेल. लाँचमध्ये वारा लागतो. शहरातही अजून केव्हा काय होईल सांगता येत नाही. पहिल्या तारखेला वाडीत काळी निशाणे लावली होती. आणि पेट्या बोटीतून नेणे जमेलसे वाटत नाही. भरलेली पेटी जड असते, हिसके बसतात, माशा खवळतात. श्राद्ध मी येथे नीट करीन. तू तेथेच त्याच्या फोटोला हार घालावा.

बेबीचा आशीर्वाद.

अप्पा


गिरगाव, मुंबई ४
ता. १८ डिसेंबर १९५६

उर्मिला,

तुझे चार ओळींचे पत्र आले. तू लिहितेस: "मी चार तारखेला येणार. पेट्या कशा न्यायच्या ते मला ह्यांनी शिकवले आहे, तुम्ही त्याची काळजी करू नका. आदल्या संध्याकाळी माशा आत आल्या की तेवढी दारे बंद करून ठेवा."

हे वाक्य वाचून मी पत्र दोन दिवस खिशात ठेवले. आज रविवार नसून घरी राहिलो आहे. तू येण्याआधी तुला कळले पाहिजे, आणि ते बेबीच्या तोंडून किंवा गुरुदत्तच्या त्या गुणाजीच्या तोंडून कळू नये.

पेट्यांत माशा नाहीत. गेल्या जानेवारीपासून नाहीत. तू या घरातून गेलीस त्या दिवशीही नव्हत्या.

मी तुला लिहिले ते शब्दाला शब्द खोटे नव्हते. पेट्या बकुळीखालीच आहेत, वाट्यांत पाणी मी खरोखरच घालतो. रिकाम्या पेट्यांना मुंग्या लागत नाहीत, तरी घालतो. साखरेचे पाणी मी दिले असे लिहिलेले नाही, कसे द्यायचे ते लिहिले. कचेरीत तीस वर्षे अशी पत्रे लिहिली, त्यामुळे सवय आहे. पण मध मात्र सरळ खोटा होता. तो मी दुकानातून आणला. त्यावरची चिठ्ठी बेबीने गरम पाण्याने काढली आणि तो त्याच्या जुन्या बाटलीत ओतला. ओतताना म्हणाली, "दादा, हे माझ्या हातून करवू नकोस."

मी म्हटले, "मधच आहे ना? विष आहे का?"

"मध आहे. त्याचा नाही," ती म्हणाली. पण ओतला. मृणालिनीच्या जिभेला पहिला लागला तो हा मध. तुला चवीवरून कळले होते. तू मला वाट करून दिलीस, नव्या फुलांचे विचारलेस, आणि मी मलबार हिलचे लिहिले. पेटीतली माशी इतक्या लांब जात नाही, असे वहीत पहिल्याच पानावर आहे.

आता कसे झाले ते लिहितो.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमचे साहेब तिळगुळाला आले होते. तू बैठकीत होतीस, तुला आठवत असेल. स्वयंपाकघरात गुळाचा पाक चालला होता, त्याच्या वासाने माशा आत आल्या होत्या. साहेबांच्या नातवाने एक माशी हाताने दाबली आणि तोच हात डोळ्याला लावला. मूल रडले, साहेबांच्या सूनबाई घाबरल्या, गुरुदत्तने कांदा कापून लावला आणि हसून म्हणाला, "बिचारी मेली. एकदाच चावता येतं तिला." साहेब हसले नाहीत. मी त्या दिवशी त्यांच्याजवळ माझ्या मुदतवाढीचे बोलणार होतो. ते राहिले.

ते गेल्यावर तू वर गेलीस. तुला मळमळत होते. मग मी गुरुदत्तला मागील दारी बोलावले. मी आवाज चढवत नाही हे तुला माहीत आहे. मी म्हटले, "ही खोकी मंगळवार संध्याकाळपर्यंत माझ्या अंगणातून गेली पाहिजेत. नाही गेली तर मी रॉकेल ओतीन."

तो म्हणाला, "मंगळवारी नेतो. अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत गुणाजीच्या ओळखीचा माळी आहे. तिथे ठेवतो."

"तुझी राणी वगैरे घेऊन जा."

"तिला घेतल्याशिवाय बाकीच्या येणार नाहीत, अप्पा," तो म्हणाला. एवढेच बोलणे झाले. तुला त्याने सांगितले नसावे. सांगितले असते तर तू मला एकदा तरी विचारले असतेस.

सोमवारी दिवेलागणीला त्याने चारही पेट्यांची दारे लावली. जाळीची पट्टी आडवी सरकवायची आणि एक खिळा फिरवायचा, असे ते दार आहे. मी खिडकीतून पाहत होतो. शेवटच्या माशा आत जाईपर्यंत तो उकिडवा बसून राहिला. रात्री रेडिओवर मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढल्याचे सांगितले. वाडीत लोक गॅलऱ्यांतून ओरडत होते. ते सर्व तू ऐकलेस.

मंगळवारी सकाळी तो चहा घेऊन माझ्या खोलीत आला. म्हणाला, "अप्पा, आज बाहेरचं काही बरं दिसत नाही. दोन दिवस जाऊ देत. तोवर मी दारं उघडतो."

मी पेपर वाचत होतो. मी म्हटले, "तू मंगळवार म्हणाला होतास."

"म्हणालो होतो. पण आज हातगाडी कोण आणणार?"

"नाक्यावर जाऊन बघ. घरात बसून गाडी येत नाही."

त्याने चहाचा कप माझ्याजवळ ठेवला. मग म्हणाला, "बरं, बघून येतो. दुपारपर्यंत आलो नाही तर दारं तेवढी उघडा. एका दिवसावर कोंडलेल्या ठेवायच्या नाहीत, आत तापतात. खिळा फिरवला की झालं." मी मान हलवली. पेपर खाली केला नाही. म्हणून शेवटी त्याचा चेहरा कसा होता ते मला सांगता येणार नाही.

त्याने शर्टाला संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला लावलेला होता, हे खरे. तो रोजच लावत असे. पण घोषणा द्यायला तो गेला नव्हता. बेबीने तुला तसे सांगितले ते मी सांगायला लावले म्हणून. तो हातगाडी पाहायला गेला होता. नाक्यावर गर्दी होती, गोळीबार झाला, त्याला लागली. एका दुकानदाराने मागाहून सांगितले की त्याने गाडी ठरवली होती आणि गाडीवाल्याला तो म्हणत होता, हळू चालवशील ना, सामान नाजूक आहे.

त्याला बुधवारी आणला आणि बुधवारीच नेला. ते दोन दिवस तू शुद्धीवर नव्हतीस म्हटले तरी चालेल.

पेट्या माझ्या खिडकीपासून चार हातांवर आहेत. मंगळवारी दुपारी आवाज येऊ लागला. एरवी त्यांचा आवाज ऐकू येत नसे, किंवा सवयीने कळत नसे. हा निराळा होता. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला लागते तसा. बुधवारी तो वाढला. आम्ही त्याला घेऊन निघालो तेव्हाही तो चालू होता, आणि परत आल्यावर मी अंघोळ करून मागील दारी ओला उभा होतो तेव्हाही. त्याने सांगितलेले मला आठवत होते. शब्दाला शब्द आठवत होते. मी विसरलो असे तुला सांगता आले असते, आणि कोणीही ते मानले असते. अशा वेळी माणूस विसरतो. मी विसरलो नव्हतो.

गुरुवारी सकाळी मी बकुळीखाली गेलो. पहिल्या पेटीच्या खिळ्यावर हात ठेवला. लाकूड तापाच्या अंगासारखे लागत होते. जाळीला आतून माशा चिकटल्या होत्या, एकीवर एक. मला वाटले, यांच्यापायी गेला. मग वाटले, तो येत नाही, तर या बाहेर का जाव्यात. मी काही बनवून लिहीत नाही. असेच मनात आले. हात काढला आणि आत गेलो. सुतक होते, घरात माणसे होती, कोणी पेटीला हात लावणार नव्हते. तू त्या दिवशी डोळे उघडून मला विचारलेस, "माशा?" मी म्हटले, ठीक आहेत. तेव्हा त्या अजून जिवंत होत्या.

शुक्रवारी आवाज बारीक झाला. शनिवारी नव्हता.

चार खिळे फिरवायला किती वेळ लागतो, हे मी नंतर घड्याळ लावून पाहिले. एक मिनिटसुद्धा लागत नाही.

तेराव्याला गुणाजी आला होता. लालबागचा, गुरुदत्तबरोबर मधाची पोळी काढायला जायचा तो. गिरणीतून सुटून तसाच आला, केसांत कापूस होता. मागे जाऊन त्याने पेटीला कान लावला. मग उठला, माझ्याकडे पाहिले, जेवायला न थांबता निघून गेला. दुसऱ्या दिवशी तुला तुझ्या भावाने नेले. त्यानंतर मी पेट्या उघडल्या. तळाला दोन बोटे जाडीचा थर होता, काळा आणि ओला. मेण तापून खाली आले होते, त्यात त्या लडबडलेल्या होत्या. बेबीने फावडीने काढून बकुळीच्या मुळाशी खड्ड्यात पुरल्या. काढताना ती काही बोलली नाही. बेबी बोलली नाही म्हणजे काय ते तुला कळेल.

मग तुझे पहिले पत्र आले. त्यात त्याच्याविषयी एक ओळ होती आणि माशांविषयी अकरा. मला वाटले, तू येईपर्यंत पेट्या पुन्हा भरता आल्या तर कुणाला काही सांगायला नको. म्हणून एप्रिलमध्ये मी लालबागला गुणाजीच्या चाळीत गेलो. तो गॅलरीत दाढी करत होता. मी म्हटले, एखादे पोळे मिळवून दे. त्याने वस्तरा पुसला.

"तुमका माशी कित्याक व्हयी? परत कोंडून घालूक?"

मी उभाच राहिलो. जिन्याच्या तोंडाशी बायका पाणी भरायच्या थांबल्या. शेवटी तो म्हणाला, "येतंय. गुरूसाटी येतंय. तुमच्यासाटी नाय."

त्यानंतर आठ महिने, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघे मुंबईत माशा शोधत हिंडलो. कचेरीत कोणाला सांगितले असते तर हसले असते. रे रोडच्या लाकडाच्या वखारींतून पोकळ ओंडके वाजवून पाहिले. गुरुदत्तने त्याच वखारींतून पूर्वी तीन पोळी आणली होती. अँटॉप हिलच्या त्या माळ्याकडे गेलो. तो म्हणाला, दोन वर्षांपूर्वी यायला हवे होते, आता इमारती झाल्या, चिंचा पाडल्या. आपल्या बाजूच्या वाड्यांतूनही पाहिले. ज्या विहिरींच्या काठी गुरुदत्त लहानपणी पोळी दाखवायचा, त्या बुजवल्या आहेत. डासांसाठी पांढरी पूड मारतात, तिचे डाग भिंतींवर सगळीकडे दिसतात. एका ठिकाणी जुने पोळे सापडले, तर ते रिकामे होते आणि मेणकिड्याने त्याची जाळी केलेली होती. गुणाजीने ते हातात घेऊन चुरले.

मी विचारले, "सगळ्या गेल्या कुठे?"

"झाडां तोडलास, वर ती पावडर मारतास, आणि माकाच इचारतास?" तो म्हणाला. "माशी काय तुमच्या हापिसातलो कारकून हा, हयली बदली थय केली म्हणान गप जातली?"

रिकाम्या पेटीला आतून मेण चोळून ठेवले तर भटके पोळे आपणहून येऊन बसते, असे वहीत आहे. तो असताना असे दोनदा झाले होते, तूच मला हाक मारून दाखवले होतेस. मी चारही पेट्या धुऊन, मेण चोळून, दारे काढून ठेवल्या. पाऊस गेला, दिवाळी गेली. एक माशी आली नाही. शेवग्याच्या शेंगांचे मी तुला लिहिले होते. झाड म्हातारे झालेले नाही. मी आता फुलाखाली उभा राहून पाहतो. दुपारभर पाहिले तर एखादा भुंगा येतो, दुसरे काही येत नाही. पूर्वी त्या झाडाखालून जाताना मी छत्री उघडत असे.

महाबळेश्वरला जिथे तो महिनाभर शिकायला गेला होता तिथे लिहिले तर ते भरलेली पेटी पाठवतात. गेल्या महिन्यात मी ते पत्र लिहूनही ठेवले होते. गुणाजी म्हणाला, "धाडा. सुनेक काय कळतला? माशी ती माशी." कदाचित तुला कळले नसते. मी तुला दोन पेट्या दिल्या असत्या, तू त्या आनंदाने नेल्या असत्यास, आणि मृणालिनी मोठी होऊन लोकांना सांगती झाली असती की या माझ्या वडिलांच्या माशा. मला ते चालले असते. मी त्याच तयारीत होतो. मग तुझे पत्र आले, की आदल्या संध्याकाळी तेवढी दारे बंद करून ठेवा. ते मला जमणार नाही, उर्मिला. पुन्हा ते खिळे मी फिरवू शकणार नाही. महाबळेश्वरचे पत्र फाडले.

२१ नोव्हेंबरला वाडीत सभा झाली. मला व्यासपीठावर बसवले, हार घातला. बोलणाऱ्याने सांगितले की या वृद्ध पित्याने आपला एकुलता एक मुलगा महाराष्ट्राला दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली पाहत होतो, तर बाजूचा म्हणाला, बघा, किती संयम आहे. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरे होते. बोललो नाही. इतक्या लोकांत मी फक्त तुलाच सांगत आहे, आणि तेही तू येणार म्हणून. यावरून मी काय आहे ते ठरव. मी आणखी काही बाजू मांडत नाही.

पिंडाचे लिहायचे राहिले. भटजींना विचारले. त्याला मुलगा नसल्यामुळे पिंड मीच द्यायचा आहे. मध तू म्हणतेस तसा, त्याच्याच माशांचा, आहे. चौथ्या पेटीच्या वरच्या दोन चौकटी वितळल्या नव्हत्या. त्यांत त्यांनी मेणाने बंद करून ठेवलेला मध तसाच होता. मी तो काढून फडक्यातून गाळला. एक लहान बाटली भरली. ती माझ्या कपाटात आहे, तुझ्या मुलीला पाठवली नाही. त्याला वास आहे. तो बाळाच्या जिभेला लावण्यासारखा नाही. पिंडापुरता होईल.

चार तारखेला मी भाऊच्या धक्क्यावर येईन. सकाळच्या लाँचपासून शेवटची रिकामी होईपर्यंत थांबेन. येऊ नकोस असे मागच्या पत्रात लिहिले ते परत घेतो. ये असे लिहीत नाही. आलीस तर मृणालिनीला तुझ्याच कडेवर राहू दे. मी हात पुढे करणार नाही. नाव घेऊन हाक मारली तर चालेल की नाही, ते तिथे सांग.

पेट्या न्यायच्या असतील तर चारही ने. स्वच्छ आहेत. वही पहिल्या पेटीत ठेवली आहे. रेवदंड्यास अजून माशा असतील.

वर आशीर्वाद लिहिला नाही. विसरलेलो नाही.

कमलाकांत